नमनाची पट्टी

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत शिरताना रत्नाबाई मगदुमांनी चपला दाराबाहेर काढल्या.

“अक्का, इथं चपला चालतात,” डॉ. फिरोज शिकलगार म्हणाला.

“चालू देत की. बावीस वर्षं जे हातानं केलं ते आज पहिल्यांदा डोळ्यांनी बघणार. पायात चपला ठेवून कसं बघू?”

फिरोज मूळचा मिरजेचा. कृत्रिम सांधे बनवणाऱ्या मिरजेजवळच्या ‘सुसंधी’ कारखान्यात रत्नाबाईंना सगळे अक्का म्हणत, तसा तोही म्हणे. पुण्याच्या पृष्ठविज्ञान संस्थेतला हा सूक्ष्मदर्शक त्याच्या ताब्यात होता आणि शेजारच्या धनाग्रीकरण प्रयोगशाळेची प्रमुख होती रत्नाबाईंची मुलगी, डॉ. पद्मजा. आईला एकदा इथं आणायचं असं ती कित्येक वर्षं म्हणत होती. पाच महिन्यांपूर्वी रत्नाबाईंच्या उजव्या खुब्याचा सांधा बदलला, त्या काठीशिवाय चालू लागल्या, आणि या मंगळवारी सकाळच्या गाडीनं एकट्या आल्या. पिशवीत धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि फिरोजसाठी वेगळी पुडी.

फिरोजनं पडदा उजळला. ‘सुसंधी’च्या एका जुन्या सांध्यावरच्या राखाडी रंगाच्या हजारो नळ्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या.

“अगं बया!” रत्नाबाई पुढं झुकल्या. “हे तर उसाचं रान की गं. आणि ही पेरं?”

“आम्हीही पेरंच म्हणतो,” फिरोज म्हणाला. “तुमच्या लेकीनं ठेवलेलं नाव. आमच्या या शास्त्राचं नावच पेरवाचन.”

“मग नीट सांगा मला. मी टाकीपाशी उभी राहिले जन्मभर. आत काय चाललंय ते कुणी सांगितलं नाही.”

पद्मजानं सांगायला घेतलं. ग्लायकॉलचं द्रावण, त्यात थोडं पाणी आणि चिमूटभर फ्लोराइड. त्यात टायटॅनियमचा सांधा बुडवायचा आणि त्याला विजेचं धन टोक जोडायचं; हेच धनाग्रीकरण. धातूवर ऑक्साइडचा थर चढू लागतो. त्याच वेळी फ्लोराइड तो थर खाऊ लागतं. एक बांधतं, दुसरं कुरतडतं, आणि या ओढाताणीतून सपाट थराच्या जागी नळ्या उभ्या राहतात. केसाच्या रुंदीत सात-आठशे मावतील इतक्या बारीक. या नळ्यांत औषध भरायचं, तोंडाला विरघळणारं झाकण लावायचं. सांधा शरीरात बसला की नऊ महिने औषध थेंबाथेंबानं झिरपत राहतं, जंतूंना जवळ येऊ देत नाही, आणि हाड नळ्यांना धरून वाढतं.

“विद्युत्दाब वाढवला की नळी रुंद होते,” पद्मजा म्हणाली. “वेळ वाढवला की लांब होते. पाणी जास्त झालं तर...”

“तर भिंत खरखरीत होते. आणि थंडीत टाकी गार पडली की काम रेंगाळतं. ते हाताला कळतं.”

“हाताला?” फिरोज हसला. “अक्का, इथं केसाच्या हजाराव्या भागाची गोष्ट चाललीय.”

“सांधा धुऊन वाळवला की अंगठ्यानं पुसायचा. कळतं. तुला नाही कळायचं, तुझे हात बटणं दाबायचे.”

“मान्य!” त्यानं दोन्ही हात जोडले. “आता माझं ऐका. हा ऊस उलटा वाढतो. नवी वाढ बुडाशी, धातूच्या बाजूला. तोंड सगळ्यात जुनं. दाब बदलला की त्या जागी एक पेर उमटतं. तुम्ही कारखान्यात दाब पाच पायऱ्यांनी चढवत होता, म्हणून ही पाच पेरं. मधेच वीज गेली असती तर सहावं उमटलं असतं. कुणी वहीत काहीही लिहो, नळीला विसरता येत नाही.”

रत्नाबाईंनी पडद्यावरची पेरं बोटानं मोजली. “मग विरजण दिसतं का ह्यात?”

“कसलं विरजण?”

“नवं द्रावण अधाशी असतं बाबा. आम्ही जुन्यातला पाचवा हिस्सा बरणीत काढून ठेवायचो आणि नव्यात घालायचो. मग ते शांत व्हायचं.”

“आई, ते आता बंद झालंय,” पद्मजा मधेच म्हणाली. फिरोजसमोर तिचे कान तापले होते.

“होय की. चार वर्षं झाली,” रत्नाबाई म्हणाल्या आणि पुन्हा पडद्याकडे वळल्या. “हे रान मात्र छान आलंय.”

दुपारी तिघं संस्थेच्या मागच्या पायऱ्यांवर बसून धपाटे जेवले. उठताना रत्नाबाईंनी उजव्या मांडीवर हात दाबला. थोडं भरून आल्यासारखं वाटतंय, प्रवासानं असेल, म्हणाल्या. पद्मजानं मांडीला हात लावून बघितला. जरा गरम होती. पण सांधा बसवून पाचच महिने झाले होते आणि नळ्यांत नऊ महिन्यांचं औषध होतं. “तिथं जंतूला थाराच नाही, आई,” ती म्हणाली. संध्याकाळी तिनं त्यांना मिरजेच्या गाडीत बसवून दिलं.

पुढच्या मंगळवारी रत्नाबाई नव्हत्या. मिरजेच्या डॉक्टरांनीही नऊ महिन्यांवर भरवसा ठेवला आणि तापाचं कारण तीन दिवस भलतीकडे शोधलं. सांधा काढला तेव्हा विष रक्तात गेलं होतं. औषध संपलेल्या नळ्यांभोवती पू साठला होता.

रत्नाबाई एकट्या नव्हत्या. अशा सात मृत्यूंच्या बातम्या आल्यावर सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि ‘सुसंधी’नं सतरा पानांचा अंतर्गत अहवाल आयोगापुढं ठेवला. पद्मजाला तो दोन महिन्यांनी मिळाला.

नवव्या पानावर एका बरणीचं छायाचित्र होतं. बरणीला चिकटपट्टी, चिकटपट्टीवर आईच्या गोल अक्षरात ‘विरजण’. खाली मजकूर होता: ‘धनाग्रीकरण विभागातील एक अर्धशिक्षित कामगार घरगुती समजुतीनुसार नव्या द्रावणात वापरलेले द्रावण मिसळत असे. या भेसळीमुळे नलिकांची वाढ सदोष झाली. सदर कामगाराने निवृत्तीनंतर स्वतःच्याच पाळीत तयार झालेला सांधा आग्रहाने बसवून घेतला व ती स्वतःच्याच निष्काळजीपणाची बळी ठरली.’

ठरली. पद्मजा त्या शब्दावर थांबली. बावीस वर्षं ज्या बाईला मालकापासून पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांनी ‘अक्का, चहा घ्या’, ‘अक्का, जरा बघता का’ म्हटलं होतं, ती मेल्यावर ‘ठरली’ झाली. ‘ठरल्या’ लिहायला अर्धं अक्षर जास्त लागलं असतं, तेवढंही यांच्या हातून सुटलं नाही. आग्रहानं बसवून घेतला म्हणे. ‘माझ्या हातचाच बसवा’ असं आई हसत म्हणाली होती. ते तिच्या गुन्ह्याचा पुरावा म्हणून लिहून ठेवलं होतं.

निष्कर्ष सरळ होता. रत्नाबाईंच्या शेवटच्या महिन्यातले अठ्ठावन्न सांधे परत बोलवायचे. गेल्या चार वर्षांतले बाकीचे चार हजारांवर सांधे ‘अधिकृत कृतीनुसार तयार झाल्याने निर्दोष’. मरण पावलेल्या बाकी सहा जणांचे सांधे दुसऱ्या पाळ्यांतले होते; त्याबद्दल एक ओळ होती, ‘बरणी सर्वांना उपलब्ध होती.’ आणि अहवालाला जोडपत्र म्हणून ती अधिकृत कृती लावली होती. प्रत्येक पानाखाली सही: डॉ. पद्मजा मगदूम. चार वर्षांपूर्वी कंपनीनं संस्थेकडून करून घेतली होती. आईला दोषी ठरवायला त्यांनी लेकीचाच कागद पुढं केला होता.

पद्मजा रडली नाही. तिनं आयोगाला पत्र लिहिलं आणि आईच्या शरीरातून काढलेल्या सांध्याचा अर्धा भाग मागितला.

“हे तू करू नकोस,” फिरोज म्हणाला. “मी वाचतो. तू बाहेर बस.”

“मीच वाचणार. त्यांनी तिला ‘ठरली’ म्हटलंय, फिरोज.”

तिचा युक्तिवाद साधा होता. जुन्या काळातल्या, विरजण घातलेल्या नळ्या त्या दोघांनी पाहिल्या होत्या. पाच पेरं, धडधाकट भिंती. या सांध्यातही पाच पेरं दिसली की झालं. आईनं विरजण घातलं असो वा नसो, नळ्यांची वाढ बिघडली नव्हती हे सिद्ध होईल आणि कंपनीला दोष दुसरीकडे शोधावा लागेल. औषधात, झाकणात, कुठंही.

पडद्यावर चित्र आलं. दोनच पेरं होती.

वरची तीन नव्हतीच. नळ्यांची तोंडं उंदरानं कुरतडलेल्या कणसांसारखी दिसत होती. ज्या कडेवर झाकण बसायचं ती कडच जागेवर नव्हती.

“तोंडं खाल्ली गेलीत,” फिरोज हळू आवाजात म्हणाला. “तोंड सगळ्यात जुनं, म्हणजे फ्लोराइडमध्ये सगळ्यात जास्त वेळ राहिलेलं. अशा फाटक्या कडेवर झाकण बसेल, पण टिकणार नाही. चालताना सांध्यावर भार आला की कड तुटणार, झाकण जाणार. औषध नऊ महिने सोड, तीन आठवडेसुद्धा राहणार नाही.”

“आपण कृतीप्रमाणे करून बघू,” पद्मजा म्हणाली. “अगदी शब्दाला शब्द.”

“आणि पाच पेरं आली तर?”

दिवसभर तिनं स्वतःच्या हातानं काम केलं. ताजं द्रावण, साठ व्होल्टपर्यंत पाच पायऱ्या, तीन तास. नमुना धुतला, वाळवला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला.

पाच. तिनं पुन्हा मोजली. पाचच.

म्हणजे कागद बरोबर होता. मग आईनं नक्कीच काहीतरी वेगळं केलं होतं. शेवटच्या महिन्यात हात थकला असेल, नजर गेली असेल, बरणीत भलतंच काही पडलं असेल. पद्मजा स्टुलावर बसून राहिली आणि काही क्षण तिनं त्या सतरा पानांवर विश्वास ठेवला. पुढं तिला सगळ्यात जास्त लाज त्या क्षणांची वाटली.

“एका नमुन्यावर काय बोलणार?” फिरोज म्हणाला. “उद्या पुन्हा कर. मी बघत उभा राहतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चहाचा पेला घेऊन दाराशी उभा राहिला. पद्मजानं द्रावण कालवलं, पात्रात ओतलं, खण उघडून टायटॅनियमची एक जुनी पट्टी काढली, चिमट्यात अडकवून पात्रात सोडली आणि कळ दाबली.

“हा नमुना?”

“नाही. ही नमनाची पट्टी.”

“ती कशाला?”

“तारा नीट बसल्यात का, मापक बरोबर दाखवतोय का, ते बघायला. दोन तास चालवायची आणि फेकून द्यायची. मग त्याच द्रावणात खरा नमुना.”

“रोज करतेस?”

“रोज. इथं सगळेच करतात. मला माझ्या सरांनी शिकवलं, त्यांना त्यांच्या सरांनी. खेळाआधी नमन असतं ना, तसं.”

“कृती लिहिलीस तेव्हाही केलं होतंस?”

“अरे, रोज म्हणजे रोज.”

“मग ते कृतीत आहे?”

“कृतीत कशाला लिहू? तो काही प्रयोगाचा भाग...”

ती थांबली. फिरोजनं पेला खिडकीत ठेवला. चिमट्यातल्या पट्टीवरून बारीक बुडबुडे निघत होते. दोन तासांत पट्टीचं थोडं टायटॅनियम द्रावणात उतरणार होतं, फ्लोराइडची भूक थोडी भागणार होती आणि मग येणाऱ्या नमुन्याला ते द्रावण ताजं राहिलेलं नसणार होतं.

“फिरोज, हे विरजणच आहे,” ती म्हणाली.

तिनं कळ बंद केली. पट्टी काढली, द्रावण ओतून दिलं, नवं कालवलं आणि नमनाशिवाय नमुना थेट आत सोडला. दुपारी पडद्यावर दोन पेरं आली, कुरतडलेल्या तोंडांची. मग आणखी एक नमुना, ताज्या द्रावणात जुन्याचा पाचवा हिस्सा घालून. पाच.

आता सगळं जागच्या जागी बसत होतं आणि प्रत्येक तुकडा बसताना तिला कुठंतरी लागत होतं. कंपनीनं तिची कृती शब्दशः उचलली. कृतीत ताजं द्रावण लिहिलं होतं, म्हणून कारखान्यातली विरजणाची पद्धत बंद झाली. आईनं बरणी फेकली नाही, कारण विरजण कुणी फेकत नाही. पण बरणीतला थेंबही तिनं वापरला नाही. दोन पेरांचा तोच अर्थ होता. त्या सांध्यानं आईच्या अवज्ञेची नव्हे, आज्ञापालनाची साक्ष दिली होती. पद्मजाचे नमुने आणि आईचा सांधा, दोन्ही खरं बोलत होते. खोटा होता तो त्यांच्या मधला कागद.

आईच्या पद्धतीला नाव घरातलं होतं म्हणून ती समजूत ठरली. पद्मजाच्या पद्धतीला नाव इतकं किरकोळ होतं की ती लिहिण्याजोगीही वाटली नाही. तिच्या पद्धतीला कुणी भेसळ म्हटलं नाही, इतकाच काय तो फरक.

“अठ्ठावन्न नाहीत, फिरोज,” ती म्हणाली. “चार वर्षांतले सगळे. चार हजारांवर माणसं त्या सांध्यांवर चालतायत.”

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी ‘सुसंधी’चे गुणवत्ता संचालक निरंजन खांबेटे संस्थेत आले. पांढरा सदरा, मऊ आवाज. आधी त्यांनी आईबद्दल दोन वाक्यं बोलून घेतली.

“मॅडम, अहवालाची भाषा जरा कडक झाली, मान्य आहे. आम्ही दुरुस्त करायला तयार आहोत. आईंचं नाव, ती बरणी, सगळं गाळतो. ‘कारण निश्चित करता आले नाही’ एवढीच ओळ ठेवू. तुमच्या कृतीला धक्का नाही, आम्हालाही नाही.”

“आणि जे चालतायत ते?”

“सगळ्यांना थोडंच काही होतं, मॅडम. प्रत्येकाची प्रतिकारशक्ती वेगळी असते.”

“नळ्यांची तोंडं झडतायत, हे तुम्हाला कधी कळलं?”

“आम्हाला कसं कळणार? आमच्या चाचणीत औषध बरोबर नऊ महिने सुटत होतं.”

“चाचणी कशात?”

“पात्रात. क्षारद्रावणात.”

“उभ्या पाण्यात.” पद्मजाचा आवाज चढला नाही, पण फिरोजनं मान वर केली. “माणूस उभ्या पाण्यात ठेवायचा नसतो, खांबेटे. तो चालतो. जिना चढतो. माझी आई रोज बाजारातून भाजीची पिशवी उचलून आणायची.”

खांबेटे थोडे मागं रेलले. “बघा, मला हे बोलायचं नव्हतं. पण उद्या तुम्ही काही वेडंवाकडं बोलायच्या आधी तुम्हाला माहीत असलेलं बरं. त्या माझ्याकडे आल्या होत्या. दोनदा. कृती लागू झाली त्याच वर्षी. म्हणाल्या, साहेब, हाताला पीठ लागतंय.”

“पीठ?”

“सांधा वाळवून अंगठ्यानं पुसला की पांढरं पीठ लागतं म्हणे. विरजण पुन्हा सुरू करू का, विचारत होत्या. मी त्यांना कृतीचं शेवटचं पान दाखवलं. तुमची सही. म्हटलं, अक्का, तुमच्याच लेकीनं लिहिलंय. त्यांनी सहीवरून हात फिरवला, ‘पद्मानं लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार’ म्हणाल्या आणि गेल्या. परत आल्या नाहीत.”

“म्हणजे तुम्हाला पीठ माहीत होतं,” पद्मजा म्हणाली. “चार वर्षं. ते पीठ म्हणजे नळ्यांची तोंडं होती. तुमच्या विभागात अठरा पदवीधर आहेत. त्यातल्या एकानं तरी त्या सांध्यावरून बोट फिरवून बघायचं होतं. नाही फिरवलं, कारण पीठ एका अर्धशिक्षित कामगाराच्या हाताला लागलं होतं. आणि तिनं तोंड बंद ठेवावं म्हणून तुम्ही माझी सही तिच्यासमोर धरलीत.”

“सही तुमचीच आहे, मॅडम,” खांबेटे मऊपणे म्हणाले आणि उठले. “म्हणून म्हणतो, ‘कारण निश्चित करता आले नाही’. दोघांच्याही सोयीचं आहे.”

ते गेल्यावर फिरोजनं सूक्ष्मदर्शकाचा पडदा बंद केला. मग म्हणाला, “मी उद्या तुझ्याबरोबर येतोय. आयोगानं बोलावलं नसलं तरी.”

आयोगाच्या अध्यक्ष होत्या निवृत्त न्यायमूर्ती बारटक्के, पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. सांगलीतल्या त्या सभागृहात पहिल्या दोन रांगांत मृतांचे नातेवाईक बसले होते. त्यांच्यामागं काठ्या आणि कुबड्या घेतलेली माणसं. कुणाचा गुडघा ‘सुसंधी’चा, कुणाचा खुबा.

कंपनीच्या वकिलांनी छायाचित्र वर धरलं. “डॉ. मगदूम, या बरणीवरचं अक्षर आपल्या आईचं?”

“हो.”

“आणि विरजण म्हणजे, आम्ही आपलं दुधाला लावतो ते?”

मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं.

“तेच,” पद्मजा म्हणाली. “ज्यांना दही लावता येतं त्यांना या कारखान्यातलं सगळ्यात कठीण काम येत होतं. हसून झालं असेल तर पुढं सांगते.”

तिनं चार चित्रं एकामागून एक लावली. नळी कशी वाढते, पेर कसं उमटतं, ताज्या द्रावणात तोंडं का झडतात, जुन्याचा हिस्सा घातला की का टिकतात. शास्त्रातला एकही शब्द तिनं समजावल्याशिवाय सोडला नाही. काठ्या घेतलेल्या माणसांना कळेल असं ती बोलत होती. आयोगाला कळेल असं नव्हे. चौथं चित्र आईच्या सांध्याचं होतं.

“म्हणजे आपलं म्हणणं,” वकील सावधपणे म्हणाले, “की त्या कामगारानं विरजण घातलंच नव्हतं? कृती तंतोतंत पाळली होती?”

“माझं म्हणणं नाही. नळ्यांचं.”

“पण मग दोष कृतीत आहे असं होतं. आणि कृती...”

“माझी आहे. मी प्रयोगशाळेत रोज एक पट्टी आधी चालवत होते. मी ती मोजली नाही, म्हणून लिहिली नाही. गेल्या चार वर्षांत या कृतीनं बनलेला प्रत्येक सांधा सदोष आहे. अठ्ठावन्न नव्हे, सगळे. त्या माणसांना आजच कळवायला हवं. आणि दुसरं, रत्नाबाई मगदुमांनी हा दोष चार वर्षांपूर्वी हातानं ओळखला आणि दोनदा गुणवत्ता संचालकांना सांगितला. संचालकांनी हे मला काल स्वतः, डॉ. शिकलगारांच्या समक्ष सांगितलं. त्यांना शपथेवर विचारावं.”

सभागृहात कालवा उठला. एक म्हातारे गृहस्थ आपल्याच गुडघ्याकडे बघत होते, जणू तो परक्याचा होता. खांबेट्यांनी वकिलांच्या कानाला तोंड लावलं. बारटक्क्यांनी हात वर केला आणि गोंगाट निवेपर्यंत तो तसाच ठेवला.

“डॉ. मगदूम,” त्या म्हणाल्या, “एक गोष्ट मला समजली नाही. तुमच्या आईंना हे कळत होतं. कृती तुम्ही लिहीत होता. त्या तुम्हाला कधीच काही बोलल्या नाहीत?”

पद्मजानं समोरच्या मेजाची कड धरली. या प्रश्नाचं उत्तर फिरोजला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं.

“बोलली होती,” ती म्हणाली, पण ते इतकं हळू की नोंद घेणाऱ्या बाईंनी मान वर करून अध्यक्षांकडे बघितलं.

“मोठ्यानं सांगा,” बारटक्के म्हणाल्या. “नोंद व्हायला हवी.”

“बोलली होती. कृतीचा मसुदा घेऊन मी मिरजेला गेले होते. मोठ्या कौतुकानं तिला वाचून दाखवला. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, ह्यात विरजण कुठं घालायचं ते राहिलं का गं? मी म्हटलं, आई, ही प्रयोगशाळा आहे, तुझं स्वयंपाकघर नाही.” ती थांबली. “त्यावर ती काही बोलली नाही. ताट वाढायला उठली. खांबेट्यांनी माझी सही तिला नंतर दाखवली. तिचं तोंड आधी मी बंद केलं होतं. चार वर्षं ती मला भेटत राहिली, डबे पाठवत राहिली, माझं यंत्र बघायला पुण्यापर्यंत आली. एक वाक्य तिला सांगायला हवं होतं आणि मी सांगितलं नाही. माझ्या डोक्यातच आलं नाही.”

नोंद घेणाऱ्या बाईंची बोटं थांबली होती.

“लिहा,” पद्मजा म्हणाली. मग समोर कुणाकडेच न बघता, शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ती म्हणाली, “आई, तुझं बरोबर होतं. मला कळत नव्हतं.”